नमुना दाखवण्याआधी अर्ज: डिझाइन कायद्यातले येऊ घातलेले बदल आणि सोलापूरच्या कारखानदाराने आज करायची कामं

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीचा नवा नमुना मागावर चढतो, त्यामागे किती दिवस गेले हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. ग्राफवर चौकट चौकट भरायची, रंग मोजायचे, कार्डं पंच करून घ्यायची किंवा इलेक्ट्रॉनिक जकार्ड (मागावर नक्षी उतरवणारं यंत्र) असेल तर फाइल तयार करायची. पहिली चादर उतरली की उलटसुलट करून बघायची आणि काठाशी नक्षी तुटलेली दिसली की परत ग्राफवर बसायचं. आमच्या घरी माग होते. वडिलांनी एकदा काठाला मोर आणि मध्ये जाळी असा नमुना जवळजवळ महिनाभर बसून जुळवला होता. पहिल्या दोन चादरी ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे दाखवायला दिल्या. दिवाळी यायच्या आत तीच जाळी, तोच मोर, हलक्या सुतात आणि कमी भावात बाजारात फिरत होता. वडील वकिलाकडे गेले. वकिलांनी विचारलं, "नोंदणी केली होती का?" नव्हती केली. वडिलांनी विचारलं, "मग आता करू?" उत्तर आलं की आता उशीर झाला, नमुना बाजारात गेला.

वडिलांच्या त्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या काही वर्षांत बदलण्याची शक्यता आहे. भारताच्या डिझाइन कायद्यात सुधारणांची हालचाल सुरू आहे, आणि युरोपने तर आपला कायदा बदलूनही टाकला आहे. पण ती हालचाल ऐकून आजच निर्धास्त होणारे कारखानदार मला भेटू लागले आहेत, त्याची काळजी वाटते म्हणून हा लेख. बदल काय आहेत ते सांगतोच, पण जास्त जागा आज करायच्या कामांना देणार आहे.

आधी एक गैरसमज

"आपल्याला जीआय आहे की!" हे वाक्य मी चाटी गल्लीपासून चिंचोळी एमआयडीसीपर्यंत ऐकलं आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा अभिमान हवाच. मात्र त्या मानांकनाने नाव राखलं जातं. दुसऱ्या गावात विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकता येत नाही, एवढं त्याचं काम. शेजारच्या गाळ्यातल्या सोलापूरच्याच कारखानदाराने तुमची नक्षी उचलली, तर मानांकन काही करू शकत नाही, कारण त्याची चादरही सोलापुरीच असते. तुमच्या ब्रँडचं नाव ट्रेडमार्कने राखता येतं. नक्षी, काठ, रंगांची मांडणी, वस्तूचा आकार, म्हणजे डोळ्यांना जे दिसतं ते राखायला डिझाइन नोंदणी लागते. तिन्ही कागद वेगळे आहेत.

दुसरा आधार लोक कॉपीराइटचा धरतात. चित्र काढलं की कॉपीराइट आपोआप मिळतो हे खरं. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) मध्ये एक अट आहे. जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते लावलेली वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा बनली की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. ५० चादरी म्हणजे यंत्रमागावर किती वेळ, हे तुम्हीच मोजा. नोंदणी नाही म्हणून डिझाइनचा हक्क नाही, आणि ५१ वी चादर उतरली म्हणून कॉपीराइटही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या खटल्यात ही सीमारेषा कशी तपासायची ते सांगितलं. काम निव्वळ कलाकृती आहे की औद्योगिक उत्पादनासाठी तिच्यावरून बेतलेलं डिझाइन, हे आधी पाहायचं. आपल्याकडच्या हातमागावरच्या वॉल हँगिंगवाल्यांनी हे नीट समजून घ्यावं. एकच तसबीर विणणाऱ्या कारागिराची बाजू वेगळी आणि तोच नमुना गठ्ठ्याने विणून विकणाऱ्याची वेगळी.

आजचा कायदा, थोडक्यात

डिझाइन कायदा २००० सालचा, अंमल ११ मे २००१ पासून. नोंदणी १० वर्षांची, पुढे ५ वर्षांची एक मुदतवाढ, एकूण १५. मुख्य कार्यालय कोलकात्याला. अर्ज ऑनलाइन करता येतो, त्यामुळे सोलापूरहून कुठे जायला लागत नाही. एका अर्जात एक डिझाइन आणि तेही एकाच वर्गात. नमुना नवा किंवा मूळ हवा, आणि अर्जाच्या तारखेआधी तो भारतात किंवा बाहेर कुठेही लोकांसमोर आलेला नसावा. छापून, वापरून किंवा अन्य कोणत्याही रीतीने, असे कायद्याचे शब्द आहेत. व्हॉट्सअॅपवर ४० व्यापाऱ्यांच्या ग्रुपमध्ये टाकलेला फोटो या 'अन्य कोणत्याही रीतीने'मध्ये येतो असं धरूनच चाला.

नक्कल झाली तर कलम २२ खाली दावा लावता येतो. एक वाट ठराविक रकमेची: प्रत्येक उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत, पण एका डिझाइनमागे एकूण ५०,००० च्या वर नाही. दुसरी वाट नुकसानभरपाई आणि मनाईहुकुमाची. ५०,०००चा आकडा आजच्या बाजारात इतका तोकडा आहे की नक्कल करणाऱ्याला तो एका ऑर्डरमध्ये भरून निघतो. सुधारणांची मागणी जोर धरते ती यामुळेही.

काय बदलू घातलंय

नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाधला जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची परिषद झाली आणि २२ नोव्हेंबरला 'रियाध डिझाइन कायदा करार' संमत झाला. भारताने त्याच्या अंतिम दस्तऐवजावर सही केली. सही झाली म्हणजे कायदा बदलला असं नाही. १५ सदस्यांनी रीतसर मंजुरी दिल्यावर करार जागतिक पातळीवर लागू होतो, आणि भारतात त्यासाठी संसदेला २००० च्या कायद्यात दुरुस्ती करावी लागेल. केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने त्या दिशेने प्रस्ताव मांडून सूचनाही मागवल्या आहेत. रियाध करार आणि डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीची हेग व्यवस्था, या दोहोंशी आपला कायदा जुळवून घेण्याचा हा विचार आहे.

यातल्या ज्या गोष्टी सोलापूरच्या कामाला लागतील त्या घेतो.

सगळ्यात मोठी म्हणजे १२ महिन्यांची सवलत. नमुना तुम्ही स्वतः, किंवा तुमच्याकडून घेऊन दुसऱ्या कोणी, उघड केला तरी त्यानंतर १२ महिन्यांत अर्ज केला तर नवेपणा गेला असं मानायचं नाही. वडिलांच्या वेळी ही सवलत असती तर त्या दोन चादरींमुळे नोंदणीची वाट बंद झाली नसती. आज युरोपात, अमेरिकेत ती आहे. भारतात अजून सर्वसाधारण सवलत नाही.

मग एका अर्जात अनेक डिझाइनं. आपल्याकडे एक नमुना सुटा नसतोच. चादर, त्याच नक्षीची उशीची खोळ, तोच काठ टॉवेलला, त्याचंच लहान रूप नॅपकिनला असं कुटुंबच असतं. आज प्रत्येकाचा वेगळा अर्ज होतो. हेग व्यवस्थेत एकाच वर्गातली १०० पर्यंत डिझाइनं एका अर्जात बसतात. भारतात नेमका आकडा आणि शुल्क काय ठरेल ते कायदा आल्यावर दिसेल. कागद कमी होतील हे नक्की, खर्च त्याच प्रमाणात घटेल असं मात्र गृहीत धरू नका.

तिसरी गोष्ट प्रसिद्धी लांबवण्याची. आज नोंदणी झाली की नमुना पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक जर्नलमध्ये छापला जातो आणि कोणालाही बघता येतो. हंगामाच्या आधी तो तिथे आला तर स्पर्धकाला फुकट कॅटलॉग मिळाल्यासारखं होतं. रियाध करारात अर्जदाराला निदान ६ महिने प्रसिद्धी थांबवण्याची सोय आहे, हेग व्यवस्थेत ३० महिन्यांपर्यंत. अर्ज लवकर करायचा आणि नमुना दिवाळीपर्यंत झाकून ठेवायचा, हे तेव्हा शक्य होईल.

पडद्यावरच्या डिझाइनला, म्हणजे अॅपच्या चित्रांना, चिन्हांना, हलत्या दृश्यांना संरक्षण द्यायचाही विचार आहे. चादरवाल्यांना याचं थेट काम कमी. पण सोलापुरात गणवेशाचा मोठा धंदा आहे, आणि त्यातले काही जण आता शाळांना पडद्यावर गणवेश जुळवून दाखवणारी साधनं बनवून घेत आहेत, त्यांनी लक्ष ठेवावं. मुदत चुकली तर गेलेला हक्क परत मिळवण्याची वाट रुंद करणं आणि हक्क दुसऱ्याच्या नावे करण्याचे कागद सोपे करणं, हेही रियाध करारात आहे.

हे सगळं चांगलंच आहे. तरी १२ महिन्यांच्या सवलतीबद्दल माझं ठाम मत आहे की ती लागू झाल्यावरसुद्धा तिच्या भरवशावर धंदा करू नये. कायदा येण्याआधी उघड झालेल्या नमुन्यांना तिचा फायदा मिळेलच असं नाही. शिवाय सगळ्या देशांत ती सारखी नाही, त्यामुळे सोलापुरात वाचलेला नमुना दुसऱ्या एखाद्या देशात बाद ठरू शकतो. आणि तुमच्या उघड करण्यानंतर, अर्जाआधी, दुसऱ्याने स्वतःच्या डोक्याने काढलेलं मिळतंजुळतं डिझाइन बाजारात आलं तर वाद वाढतो. विसरलेल्या माणसाला हात देण्यापुरतीच ती आहे.

आता कामाला लागू

पहिलं काम निवडीचं. वर्षाला २५-३० नमुने काढणाऱ्याने सगळे नोंदवायचं म्हटलं तर वेळही पुरत नाही आणि पैसाही. एका हंगामापुरते चालणारे सोडून द्या. जे दोन-तीन वर्षं चालतील असं वाटतं, ज्यांच्यासाठी नवी कार्डं किंवा नव्या फाइलींवर खर्च झाला आहे, ज्यांवर निर्यातीची बोलणी आहेत, असे चार-पाच बाजूला काढा. नुसता रंग बदलून नवं डिझाइन होत नाही, त्यामुळे मरून, हिरवी आणि निळी असे तीन अर्ज करण्यात अर्थ नाही. मोर, वाघ, कमळ, चौकडी ही रूपं कोणा एकाच्या मालकीची होऊ शकत नाहीत. तुमचं जे आहे ते मांडणीत असतं: काठाचं मधल्या भागाशी नातं, पुनरावृत्तीचं अंतर, जाळीची घडण. तुमच्या डिझाइन मास्टरला विचारा की यात नवं काय केलंस. त्याला दोन वाक्यांत सांगता आलं तर अर्ज उभा राहतो.

दुसरं काम शोधाचं, आणि ते टाळलं जातं. जुन्या ओळखीच्या नमुन्यांपेक्षा, किंवा त्यांच्या एकत्र जुळणीपेक्षा, तुमचं डिझाइन ठळकपणे वेगळं नसेल तर ते नोंदवता येत नाही, आणि चुकून नोंदलं गेलं तरी पुढे रद्द होऊ शकतं. भारतीय बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर डिझाइन शोधता येतात. युरोपियन कार्यालयाचं 'डिझाइन व्ह्यू' हे साधन फुकट आहे आणि त्यात अनेक देशांच्या नोंदी एकत्र दिसतात. वस्तूंचं वर्गीकरण लोकार्नो या आंतरराष्ट्रीय पद्धतीने होतं. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर भारतानेही तेच धरलं आहे. चादरी, ब्लँकेट, टॉवेल, टेबलावरची कापडं वर्ग ६ मध्ये, उपवर्ग १३ खाली येतात. भिंतीवर लावायच्या विणलेल्या तसबिरी त्याच वर्गात, उपवर्ग १२. ठाणाचं कापड वर्ग ५ मध्ये, तयार कपडे वर्ग २ मध्ये. हे आकडे टाकून शोध घेतला की गाळणी बरीच बारीक होते. संगणकावर संपलं की एक दुपार बाजारात घालवा. नवी पेठेतल्या जुन्या दुकानदाराला नमुना न दाखवता 'अशी जाळी कधी आली होती का' एवढं तोंडी विचारा. त्याची आठवण कित्येकदा संगणकापेक्षा लांबची असते.

तिसरं काम मालकीचं, आणि सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. डिझाइन बाहेरच्या मास्टरकडून करून घेतलं, पैसे रोख दिले, कागद काहीच नाही. कायदा म्हणतो की मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाइन केलं असेल तर ज्याच्यासाठी केलं तो मालक. पण मोबदला दिला आणि तुमच्यासाठीच केलं हे सिद्ध करायला कागद लागतो. साधं बिल, त्यावर नमुन्याचं नाव किंवा क्रमांक, आणि 'हे डिझाइन अमुक फर्मसाठी तयार केलं, सर्व हक्क त्या फर्मचे' अशी ओळ. पानभराचा करार केला तर आणखी बरं. हक्क नंतर विकत घेत असाल तर तो लेखीच लागतो आणि त्याची नोंद कार्यालयात ६ महिन्यांत करायची असते. मास्टरशी वागतानाही न्याय ठेवा. त्याचं नाव तुमच्या वहीत असू द्या, पैसे वेळेवर द्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या कितीतरी मास्टरांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चादरी सजवल्या आणि त्यांच्या नावाची ओळ कुठे उरली नाही, हे मी जवळून पाहिलं आहे.

उलटी बाजूही आहे. परदेशी ग्राहक स्वतःचं चित्र पाठवतो आणि 'असा टॉवेल बनवा' म्हणतो. ते डिझाइन त्याचं आहे की त्याने कुठून उचललं, हे तुम्हाला माहीत नसतं. ऑर्डरमध्ये 'या डिझाइनच्या हक्कांची जबाबदारी ग्राहकाची' हे लिहून घ्या. याचं महत्त्व का वाढलं ते पुढे युरोपच्या भागात येईल.

चौथं काम गुप्ततेचं, अर्ज होईपर्यंत. कायद्याच्या कलम १६ मध्ये कापडवाल्यांसाठी एक खास सवलत आहे आणि ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. विश्वासाने दाखवलेला नमुना उघड झाला असं धरलं जात नाही. शिवाय नोंदणीसाठी राखलेल्या नव्या कापड-डिझाइनची पहिली गोपनीय ऑर्डर स्वीकारली, तर तेवढ्याने नवेपणा जात नाही. मोठ्या ग्राहकाला नमुना दाखवल्याशिवाय ऑर्डर येत नाही, हा धंद्याचा नियमच आहे, म्हणून ही सोय. पण 'गोपनीय' हा शब्द कागदावर हवा. नमुना देताना दोन ओळींची पावती करा: नमुना गोपनीय आहे, नोंदणीसाठी राखलेला आहे, फोटो काढू नये, कोणाला दाखवू नये. सही घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवावाच लागला तर एकाच माणसाला, याच मजकुरासह, ग्रुपमध्ये कधीच नाही. प्रदर्शनासाठीही सूट आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती, आधी कार्यालयाला कळवलं असेल तर, आणि अर्ज ६ महिन्यांत केला तर. गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावून ती मिळत नाही.

कारखान्याच्या आतही बघा. फाइल कोणत्या पेनड्राइव्हवर आहे, कार्ड पंचिंगवाल्याकडे तिची प्रत राहते का, जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा माणूस, बदलला तर त्याच्यासोबत काय जातं. नक्षी बहुतेक वेळा शत्रूकडून फुटत नाही, सवयीतून फुटते.

पाचवं काम अर्जाचं. फॉर्म १, अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लहान उद्योग असेल तर सरकारी शुल्क १,००० रुपये, इतरांना ४,०००. लहान उद्योगाची सवलत घ्यायला उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) आणि फॉर्म २४ जोडावा लागतो. इथे एक बारीक गोष्ट अडकवते. उद्यम प्रमाणपत्रावरचं फर्मचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षरशः सारखं हवं. एका ठिकाणी 'टेक्स्टाइल' आणि दुसऱ्या ठिकाणी 'टेक्सटाइल्स' असलं तरी हरकत येते. एजंटकडून करून घेत असाल तर त्याचं मानधन वेगळं, आणि मुखत्यारपत्र लागतं.

अर्जाचा जीव चित्रांत असतो. चादर सपाट पसरून, सुरकुती न ठेवता, सरळ वरून फोटो काढा. पार्श्वभूमी पांढरी, दिवसाच्या उजेडात, झेंडूची फुलं वगैरे सजावट काही नको. पुढची आणि मागची बाजू दोन्ही द्या, जकार्डमध्ये मागची बाजू वेगळी दिसते म्हणून. नक्षी पुन्हापुन्हा येणारी असेल तर पूर्ण नमुना आणि त्याची लांबी-रुंदीतली पुरेशी पुनरावृत्ती चित्रात दिसली पाहिजे. कापडावर विणलेलं नाव, ब्रँड, अक्षरं, आकडे यांवर डिझाइनचा हक्क मिळत नाही. शक्य असेल तर ती नसलेला नमुना फोटोला वापरा, नाहीतर अर्जात 'यावर दावा नाही' असं लिहा. नवेपणाचं विधान आखूड ठेवा. चादरीसाठी ते साधारण 'चित्रात दाखवल्याप्रमाणे चादरीच्या पृष्ठभागावरील नक्षीत नवेपणा आहे' अशा अर्थाचं असतं. 'ऊब देणारी, टिकाऊ, धुतल्यावर रंग न जाणारी' असं काही लिहू नका. हा कायदा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीपुरता आहे आणि गुणांचं वर्णन अर्जाला उलट नडतं.

तपासणीत हरकती आल्या तर घाबरू नका, बऱ्याच अर्जांना येतात. अर्जाच्या तारखेपासून ६ महिन्यांत त्या निस्तरायच्या असतात, विनंती केल्यास आणखी ३ महिने मिळतात. ईमेल पत्ता कारखान्याचा द्या, रोज उघडला जाणारा. पोराच्या कॉलेजच्या ईमेलवर हरकत येऊन पडली आणि मुदत निघून गेली, असं मी पाहिलेलं आहे. नोंदणी झाली की हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो, पण दावा प्रमाणपत्र हातात आल्यावरच लावता येतो.

सहावं, लेबल. नोंदणी झाल्यावर मालावर 'नोंदणीकृत' असल्याची खूण आणि क्रमांक द्या. ही काळजी घेतली नसेल तर नक्कल करणाऱ्याकडून दंड किंवा भरपाई मागताना अडतं. नोंदणी नसताना मात्र ती खूण लावू नका.

युरोपला टॉवेल जात असतील तर

युरोपियन संघाचा सुधारित कायदा ८ डिसेंबर २०२४ ला अस्तित्वात आला. त्याचा पहिला भाग १ मे २०२५ पासून लागू झाला, दुसऱ्या भागाची तारीख १ जुलै २०२६. सदस्य देशांनी आपापले राष्ट्रीय कायदे ९ डिसेंबर २०२७ पर्यंत जुळवून घ्यायचे आहेत.

आपल्यासाठी महत्त्वाचं असं: एका अर्जात आता ५० पर्यंत डिझाइनं चालतात आणि ती एकाच वर्गातली असण्याची अट गेली. चादर, पिशवी, गणवेश एका अर्जात बसतील. पहिल्या डिझाइनचं शुल्क ३५० युरो, पुढच्या प्रत्येकाचं १२५. नोंदणी ५-५ वर्षांनी वाढवत २५ वर्षांपर्यंत नेता येते, पण मुदतवाढीचे दर वाढले आहेत. पहिली मुदतवाढ आधी ९० युरोला होती, आता १५०. म्हणून तिथे नोंदणी करताना हा नमुना ५ वर्षांनी विकला जाईल का, हा प्रश्न आधी विचारा. नोंदणीकृत डिझाइनवर आता वर्तुळातल्या डी अक्षराची खूण लावता येते.

आणि ग्राहकाच्या चित्राबद्दल वर म्हटलं होतं ते इथलं. नव्या कायद्यात, युरोपात विकायला नव्हे तर नुसता तिथून पुढे जाणारा मालसुद्धा हक्कदार अडवू शकतो. तुमचा कंटेनर दुसऱ्या कोणत्या देशाला निघालेला असला आणि त्यावरच्या टॉवेलचं डिझाइन युरोपात कोणाच्या तरी नावावर नोंदलेलं असलं, तर तो वाटेतल्या बंदरात अडकू शकतो. ग्राहकाकडून लिहून घेतलेली ती ओळ तेव्हा कामी येते.

सोलापूरहून युरोपात जायची आजची स्वस्त वाट अशी: आधी भारतात अर्ज, मग ६ महिन्यांच्या आत युरोपात, भारतातल्या तारखेचा अग्रहक्क सांगून. या ६ महिन्यांत नमुना बाजारात गेला तरी तिथली तारीख भारताची धरली जाते. ६ महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. भारत हेग व्यवस्थेत आला तर एकाच अर्जातून अनेक देश निवडता येतील आणि हा खटाटोप कमी होईल.

नक्कल दिसली तर

रागाच्या भरात दुकानात जाऊन भांडू नका. आधी ती चादर विकत घ्या, पक्कं बिल घ्या, दुकानाचा तारखेसह फोटो ठेवा. दोन-तीन ठिकाणांहून असं करा. मग वकिलामार्फत नोटीस. हातात प्रमाणपत्र नसताना 'कोर्टात खेचतो' अशा धमक्या देऊ नका, निराधार धमकीविरुद्ध कायदा समोरच्याच्या बाजूने उभा राहतो.

दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली लावता येत नाही. तातडीचा मनाईहुकूम नको असेल तर व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्यानुसार आधी मध्यस्थी करावी लागते. आपल्या गावात, जिथे दोघेही एकाच बाजारात माल विकतात, तिथे मध्यस्थीने मिटलेलं प्रकरण मला जास्त टिकाऊ वाटतं. समोरच्याने 'मुळात नोंदणीच रद्द व्हायला हवी' असा बचाव घेतला तर दावा उच्च न्यायालयाकडे जातो. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या हद्दीत आहे. आपलं प्रकरण कुठे चालेल, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, कारण खर्चाचा अंदाज त्यावर ठरतो.

कपाटातली जुनी प्रमाणपत्रं

२०१६ मध्ये नोंदलेल्या नमुन्यांची १० वर्षं २०२६ मध्ये भरतात. ५ वर्षांची मुदतवाढ फॉर्म ३ वर, मुदत संपण्याआधी मागायची. लहान उद्योगाला शुल्क २,००० रुपये. चुकलं तर संपल्यापासून एका वर्षात पुनर्स्थापनेचा अर्ज करता येतो, पण उशीर मुद्दाम झाला नाही हे पटवावं लागतं. रियाध करारातली मुदतचुकीची सवलत येईल तेव्हा येईल, आज एक वर्षाची हद्द पक्की आहे. या आठवड्यात कपाट उघडा, प्रमाणपत्रं तारखेप्रमाणे लावा, जी डिझाइनं अजून मागावर चालू आहेत त्यांच्यावर खूण करा, आणि मुदत संपायच्या तीन महिने आधीची तारीख मुनीमजींच्या वहीत आणि घरातल्या एका तरुण माणसाच्या फोनमध्ये, दोन्हीकडे टाका.